चौतीस गुरं आणि मुरारीराव उतेकर

मुरारीराव उतेकरांनी आयुष्यात एकच गाय घेतली आणि त्या एका गाईपायी त्यांना चौतीस गुरांच्या मागे डोंगरात जावं लागलं, ही गोष्ट बदलापूरच्या माणसाला समजावून सांगणं फार कठीण आहे. बदलापुरात ज्याची स्कूटर तोच तिच्यात पेट्रोल घालतो. सगळ्या बिऱ्हाडांच्या स्कूटरी महिन्यातून एक दिवस एकाने फिरवून आणायच्या, असा ठराव सोसायटीच्या सभेत मांडला तर त्याला अनुमोदक मिळणार नाही. पण हेदकोंड म्हणजे सोसायटी नव्हे. पोलादपूरहून आंबेनळी घाटाकडे निघालं की डाव्या हाताला एक कच्चा रस्ता उतरतो. त्याच्या टोकाला सतरा घरं आणि एक देऊळ आहे, तेच हेदकोंड. तिथे एकदा भात लावून झालं की दिवाळीपर्यंत गुरं मोकळी सोडत नाहीत. सगळ्या घरांची गुरं एकत्र करायची, सकाळी डोंगरावर न्यायची, संध्याकाळी परत आणायची, आणि ही राखण घराघराने आळीपाळीने करायची. ज्याची जेवढी गुरं तेवढे त्याचे दिवस. मुरारीरावांचं एकच जनावर, म्हणून त्यांच्या वाट्याला चौतीस दिवसांतून एक दिवस.

हे त्यांना गाय घेण्याआधी कुणी सांगितलं नव्हतं असं ते म्हणतात. सांगितलं होतं. पण तेव्हा सल्ल्यांचा एवढा ढीग पडला होता की त्यात हा एक कुठे गेला ते कळलं नाही. नगरपालिकेच्या पाणीपट्टी खात्यात सत्तावीस वर्षं काढलेला माणूस मुदतीआधी निवृत्ती घेऊन वडिलांच्या दीड एकरावर जनावरं पाळायला येतोय म्हटल्यावर कोण गप्प बसणार? कुणी म्हणालं शेळ्या घ्या, शेळीला काय लागतं. कुणी म्हणालं शेळ्या सोडून काहीही घ्या. गोरेगावच्या एका साडूने शहामृगांचे व्हिडिओ पाठवले. शेजारच्या ठमाकाकी ऐंशीच्या पुढच्या, त्यांनी अंगणात बसल्या बसल्या एवढंच सांगितलं की एक गाय घे, आणि वर्षभरात ती मेली नाय तर दुसरी घे. सगळ्यांत शहाणा सल्ला हाच होता, आणि म्हणूनच मुरारीरावांनी तो सगळ्यांत शेवटी ऐकला. त्याआधी पंचवीस कोंबड्या झाल्या, त्या मुंगसाने नेल्या. दोन शेळ्या झाल्या, त्या ठमाकाकींच्या परसात शिरल्या आणि सगळी मिरची खाऊन बसल्या, मग त्यांनाही निरोप द्यावा लागला. उरली ती गाय, बांडी. काळी-पांढरी, आखूड शिंगांची, पाच महिन्यांची गाभण, आणि स्वभावाने मुरारीरावांपेक्षा पुष्कळच शांत.

यातली एकही गोष्ट बदलापूरला कळलेली नव्हती. तिथे त्यांची बायको अनुपमा राहत होती. एका खासगी शाळेच्या कचेरीत ती चोवीस वर्षं होती, अजून तीन वर्षं राहिली होती, आणि नवऱ्याच्या या नादापायी ती नोकरी सोडणार नव्हती, हे तिने स्पष्ट सांगितलं होतं. रोज संध्याकाळी मुरारीराव देवळाच्या पायरीवर उभे राहायचे, कारण अख्ख्या हेदकोंडात फोनला रेंज तिथेच, आणि सगळं कसं छान चाललंय ते तिला सांगायचे. कोंबड्या नेल्या त्या दिवशी त्यांनी सांगितलं की कोंबड्या आता मोकळ्या वातावरणात आहेत. तसं बघितलं तर ते खोटंही नव्हतं. पण असं आठ महिने बोलत राहायचं म्हणजे माणूस थकतो. गोठा झाडून जेवढे ते थकत नसत तेवढे त्या पायरीवर थकत.

आता बांडीच्या बिल्ल्याची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. सरकारी नियमाप्रमाणे प्रत्येक जनावराच्या कानात एक पिवळा बिल्ला असतो आणि त्यावर बारा आकडी नंबर. बांडीच्याही कानात होता. मुरारीरावांनी गाय आपल्या नावावर करून घ्यायला कचेरी गाठली. कोणती कचेरी ते सांगत नाही, कारण काम अजून तिथेच आहे. तिथल्या हर्षद नावाच्या तरुण पर्यवेक्षकाने नंबर संगणकात घातला, थोडा वेळ पडद्याकडे बघितलं आणि अतिशय नम्रपणे विचारलं की काका, तुमची गाय नक्की गायच आहे ना. संगणकात त्या नंबरवर एक म्हैस होती. वय अकरा, मुक्काम भलत्याच जिल्ह्यात. मुरारीराव म्हणाले, गाय बाहेर टेम्पोत उभी आहे, बघून घ्या. हर्षद बाहेर येऊन बघून गेला. गाय आहे हे त्यालाही पटलं, पण त्याच्या पटण्याने संगणकात फरक पडत नव्हता. त्याने सांगितलं की आधी त्या म्हशीच्या मालकाची ना-हरकत आणा, किंवा म्हैस मेली असेल तर तसा दाखला आणा, आणि सोबत दुरुस्तीचा अर्ज करा.

सत्तावीस वर्षं मुरारीरावांनी खिडकीच्या आतून लोकांना हेच वाक्य ऐकवलं होतं. बाहेरून ते कसं ऐकू येतं हे त्यांना त्या दिवशी प्रथम कळलं. मान खाली घालून त्यांनी अर्ज लिहिला. अर्ज मात्र सुंदर लिहिला, विषय, संदर्भ, सर्व काही. हर्षदने तो वाचून कौतुक केलं आणि फाइलीत ठेवला. तेव्हापासून बांडी गावात गाय आणि सरकारात म्हैस अशी राहत आली आहे.

पहिली राखण आली ती श्रावणात. त्या दिवशी मुरारीरावांना सर्दी होती. त्यांनी कुशाबाकाकांकडे निरोप धाडला की माझ्याऐवजी कुणी गडी लावा, मी त्याची मजुरी देतो. कुशाबाकाका गावातले जाणते, राखणीचा क्रम त्यांच्या तोंडपाठ. ते स्वतः चालत आले, ओसरीवर बसले, पाणी प्यायले, आणि म्हणाले की आमच्याकडे राखण मजुरीवर देत नाय. ज्याचं घर त्याने जायचं. या वेळी मी जातो तुझ्याऐवजी, पण पुढच्या वेळी राखण चुकली तर तुझं जनावर कळपात घेणार नाय. ते रागावले असते तर मुरारीरावांना बरं वाटलं असतं. पण ते नुसते वाईट वाटल्यासारखे बोलले आणि खोळ पांघरून पावसात गुरांमागे गेले. त्यांचं वय एकाहत्तर.

कळपात घेतलं नाही म्हणजे काय, तर बांडी दिवसभर दावणीला. गाभण गाईला चालणं हवं, ओला चारा हवा, आणि मुरारीरावांना एकट्याने तिला डोंगरात न्यायची हिंमत नव्हती. म्हणजे बांडी विकायची. आणि बांडी विकली की हेदकोंडात राहायला त्यांच्याकडे कारण म्हणून काही उरत नव्हतं. गणपतीला अनुपमा चार दिवस आली तेव्हा रिकामं खुराडं तिने बघितलं, आणि निघताना अंगणात उभी राहून म्हणाली, "तुम्ही स्वतःच्या हाताने इथलं एक काम पुरं करून दाखवा. एकच. नाहीतर दसऱ्याला मी सामान न्यायला टेम्पो घेऊन येते." मुरारीरावांनी छाती काढून सांगितलं की पुढच्या महिन्यात माझी राखण आहे, अख्ख्या गावाची गुरं मी एकटा सांभाळणार आहे, बघच. टेम्पोचं नाव मात्र त्यांच्या डोक्यातून गेलं नाही. बदलापूरच्या त्या हॉलमध्ये खिडकीशी त्यांची खुर्ची अजून होती, आणि उरलेलं आयुष्य त्या खुर्चीत बसून काढायच्या कल्पनेने त्यांना धडकी भरत होती.

म्हणून त्यांनी तयारी केली. तयारी म्हणजे काय, तर दोनशे पानी वही घेतली. दोन संध्याकाळ घरोघरच्या गोठ्यांत जाऊन प्रत्येक जनावराचा बिल्ला बघून नंबर उतरवून घेतला. दुपारी एकदा आणि निघताना एकदा हजेरी घ्यायची, म्हणजे जनावर हरवायचा प्रश्नच नाही. लोकांना वाटलं काहीतरी योजना आलीय. त्यांनी खुर्च्या दिल्या, चहा दिला. ठमाकाकींनी तर यादीत आपल्या मेलेल्या बैलाचंही नाव टाका म्हणून गळ घातली. बांडीपाशी आल्यावर मात्र मुरारीराव अडले. ज्या नंबरवर सरकारदरबारी म्हैस आहे तो नंबर गाईबैलांच्या यादीत कसा लिहायचा? त्यांनी पुष्कळ विचार केला आणि वहीच्या शेवटच्या पानावर 'प्रलंबित' असा मथळा देऊन तो नंबर तिथे लिहिला. इतका व्यवस्थित माणूस दुसरा सापडायचा नाही.

आदल्या दिवशी सल्ले झाले. कुशाबाकाकांनी दोन वाक्यांत सांगितलं: तू कळपाच्या खालच्या अंगाला राहा, म्हणजे गुरं भातात उतरणार नाहीत. बाकी खैरीला सगळी वाट ठाऊक हाय, तिला तिचं करू दे. खैरी ही त्यांची तांबडी गाय, गळ्यात घंटा, कळपाच्या पुढे चालणारी. एवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण संध्याकाळी भिकाजी आला. भिकाजी एसटीतून निवृत्त झालेला ड्रायव्हर. कशेडी आणि आंबेनळी मिळून त्याने तीस वर्षं गाडी चालवली होती, आणि जगात असा प्रश्न नव्हता जो त्याला स्टिअरिंग धरून सुटत नसे. तो म्हणाला, "मुरारीराव, मागं राहून कुणी गाडी चालवलीय काय? ड्रायव्हर पुढं असतो. तुम्ही पुढं राहा, गुरं आपोआप मागनं येतील." मुरारीरावांना हे पटलं. गुराच्या मागून हातात काठी घेऊन चालणं त्यांना तसंही कमीपणाचं वाटत होतं.

शनिवारी सकाळी ते निघाले तेव्हा सतरा घरांची माणसं दारात उभी होती. पायात बदलापूरचे फिरायला जायचे बूट, अंगावर प्लास्टिकची खोळ, खांद्याला वहीची पिशवी, आणि सगळ्यांच्या पुढे मुरारीराव. बांडीला त्यांनी कासरा लावून हातात धरलं होतं, कारण गाभण गाय आहे, जपायला हवं. गुरांनी थोडा वेळ ही मिरवणूक सहन केली. मग देवळामागच्या चढाला खैरी त्यांना अंग घासून पुढे गेली, तिच्यामागे बाकीची, आणि चढ संपेपर्यंत मुरारीराव आपोआप मागे आले. भिकाजीच्या सल्ल्याचं आयुष्य वीस मिनिटं भरलं.

दुपारपर्यंत सगळं ठीक होतं, हे कबूल करायला हवं. वरच्या माळावर गवत कमरेएवढं होतं, गुरं चरत होती, समोर दरी होती. मुरारीरावांनी भाकरी खाल्ली आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांना आतून बरं वाटलं. आपण इथे राहू शकतो असं वाटलं. मग गुरं रवंथ करायला बसली, आणि मुरारीरावांनी हजेरी घ्यायला वही काढली.

डोकी मोजली तर चौतीस. यादीत नंबर तेहतीस. त्यांनी पुन्हा मोजलं. डोकी चौतीस, यादी तेहतीस. एक जनावर जास्त. कमी भरलं असतं तर ते घाबरले असते, पण जास्त भरलं म्हणून ते त्याहून घाबरले, कारण दुसऱ्या गावचं जनावर आपल्या कळपात सापडलं म्हणजे चोरीचा आळ. कचेरीत सत्तावीस वर्षांत त्यांच्याकडे कधी एक पावती जास्त निघाली नव्हती. ते उठले आणि प्रत्येक जनावराच्या कानाशी जाऊन बिल्ला वाचू लागले. बसलेल्या बैलाचा कान धरून बारा आकडे वाचणं सोपं नाही. बैल आठव्या आकड्याला मान झटकतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. एकाने त्यांना ढुशी दिली. एका गाईने यादीचं पान चघळलं, ते त्यांनी तोंडातून काढून घेतलं. या सबंध वेळात बांडी कासऱ्याने त्यांच्या हाताला बांधलेली, त्यांच्यामागून फिरत होती आणि अधूनमधून त्यांचं कोपर चाटत होती. दीड तासाने तेहतीस नंबरांवर खुणा झाल्या. मग मुरारीरावांनी वळून तिच्याकडे पाहिलं, आणि वहीचं शेवटचं पान उघडलं.

त्यांना स्वतःची एवढी लाज वाटली की ते तिथेच दगडावर बसले. चिडायला समोर कुणी नव्हतं, म्हणून ते हर्षदवर चिडले, त्या भलत्या जिल्ह्यातल्या म्हशीवर चिडले. मग सगळा जोर गेला आणि त्यांनी डोळे मिटले. पाचच मिनिटं मिटले असं ते आजही सांगतात. उघडले तेव्हा दरीतून धुकं वर आलं होतं आणि माळावर बांडीखेरीज एकही जनावर नव्हतं. खैरीची घंटासुद्धा ऐकू येत नव्हती.

आता बघा, गुरं घराकडेच निघाली होती. धुकं चढलं की खैरी उतरते, हे हेदकोंडातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. बांडीलाही ठाऊक होतं. ती कासरा ताणून खाली ओढत होती. पण मुरारीरावांना वाटलं की गुरं गवतासाठी वर गेली असणार, आणि ते तिला वर ओढू लागले. अशी दोघांची बराच वेळ ओढाताण झाली. मुरारीराव तिला समजावून सांगत होते. अगं, तेहतीस जनावरं हरवलीत, लोकांची आहेत, कुशाबाकाकांची आहेत, कुठल्या तोंडाने जायचं खाली. बांडीने ऐकून घेतलं, मग मानेला एक हिसका दिला. कासरा तुटला आणि ती धुक्यात खाली निघून गेली. गाभण गाय. आता तीही गेली.

पुढचे दोन तास मुरारीराव डोंगर चढत होते. हाका मारायला त्यांना फक्त दोन नावं येत होती, खैरी आणि बांडी, ती त्यांनी आळीपाळीने मारली. एकदा कारवीत पाय अडकून ते पडले आणि उजव्या बुटाचा तळ निघाला. तो त्यांनी उरलेल्या कासऱ्याने बांधला. जळवा किती लागल्या ते मोजायचं त्यांनी सोडून दिलं, आणि तो मोजणाऱ्या माणसाच्या आयुष्यातला मोठाच निर्णय होता. मनात सारखं एकच येत होतं. सतरा घरांची गुरं. कुणाचा बैल दरीत गेला असेल तर. कुशाबाकाका काही बोलणार नाहीत, नुसते बघतील. टेम्पोची त्यांनी आता तयारीच ठेवली. मग एकदम पायाखाली डांबर लागलं. ते आंबेनळीच्या घाटरस्त्यावर आले होते, आणि आपण हेदकोंडाच्या वर आहोत की खाली हे त्यांना सांगता येत नव्हतं.

ते कठड्यावर टेकले. तेवढ्यात खिशात फोन वाजला. रेंज आली होती. अनुपमाचा फोन. तिचे आधीचे अकरा चुकले होते.

"कुठे आहात?"

सवय ही सवय असते. मुरारीरावांनी घसा साफ केला. "राखणीवर. डोंगरात."

"आणि गुरं?"

"इथेच आहेत, समोर बसलीयेत. आज अगदी व्यवस्थित चाललंय सगळं."

 पलीकडून घंटा वाजल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ ठमाकाकी कुणावर तरी ओरडल्याचा.

"मी न कळवता आले," अनुपमा म्हणाली. "देवळापाशी उभी आहे. गुरं इथे आहेत, सगळी. बांडीसुद्धा आली, गळ्यात तुटका कासरा घेऊन. अख्खं गाव तुम्हाला शोधायला निघालंय. आता खरं सांगा, कुठे आहात?"

मुरारीरावांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

आठ महिन्यांत त्यांनी तिला फोनवर सांगितलेलं हे पहिलं सरळ वाक्य. ते बोलून टाकल्यावर त्यांना एकदम हलकं वाटलं, आणि मग रडू यायला लागलं. तिने ते ओळखलं असावं, कारण ती नेहमीच्या कचेरीच्या आवाजात म्हणाली की जवळपास रस्त्याचा दगड असेल, त्यावरचा आकडा वाचा. तो त्यांनी वाचला. आकडा वाचणं त्यांना येत होतं.

भिकाजी मोटारसायकल घेऊन आला. त्या दगडापाशी त्याने सत्त्याण्णव साली एसटीचा टायर बदलला होता, त्यामुळे शोधावं लागलं नाही. त्याने मुरारीरावांकडे, त्यांच्या बुटाकडे आणि पायावरून ओघळणाऱ्या रक्ताकडे पाहिलं. "मी पुढं राहा म्हटलं होतं," तो म्हणाला, "पण इतकं पुढं नाय." मग त्याने मोटारसायकल वाडीकडे वळवली.

देवळापुढे सगळे जमले होते. शोधायला गेलेली माणसं परत आली होती, कुणाच्या हातात कोयता, कुणाच्या हातात बॅटरी, अजून पुरता अंधारही पडला नव्हता. मोटारसायकलवरून उतरताना मुरारीरावांनी मनात दोन वाक्यं जुळवली. माझी राखण चुकली, आणि बांडी उद्या विकतो. ती बोलायला त्यांनी तोंड उघडलं, पण त्यांच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. कुशाबाकाका एकेका घराला विचारत होते, तुमची आली काय, तुमची आली काय. सगळी आली होती. मग त्यांनी विचारलं, भातात कुणी तोंड घातलं काय.

यावर ठमाकाकी पुढे आल्या, आणि दुपारी काय झालं ते मुरारीरावांना तिथे कळलं. धुकं चढल्यावर खैरी गुरं घेऊन उतरली, पण खालच्या अंगाला राखणारा नाही, आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना पोटरीला आलेलं भात. ठमाकाकींना चिखलात चालवत नाही, आणि वाडीत तेव्हा दुसरं कुणी नव्हतं. नेमकी त्याच वेळी रिक्षातून अनुपमा उतरली, हातात बॅग आणि छत्री. ठमाकाकींनी तिला ओरडून सांगितलं, गो सूनबाई, तुझ्या घराची राखण हाय, जा उभी राहा बांधावर. अनुपमाने आयुष्यात गाईला हात लावला नव्हता. पण चोवीस वर्षं शाळेच्या कचेरीत प्रवेशाच्या दिवशी तिने पालक रांगेत उभे केले होते. तिने बॅग खाली ठेवली, बांधावर जाऊन उभी राहिली, आणि जे जनावर भाताकडे वळेल त्याच्या तोंडासमोर छत्री उघडली. एकेक करून तेहतीस गुरं वाडीत वळवली. मग चिखलात उभी राहून चौतिसाव्याची वाट बघत राहिली, कारण तिला चौतीस हा आकडा ठाऊक होता.

"एक पान नाय गेलं कुणाचं," ठमाकाकी म्हणाल्या.

"मग राखण झाली," कुशाबाकाका म्हणाले.

मुरारीराव म्हणाले की काका, पण मी नाही केली. मी गुरं हरवली. मी झोपलो होतो. इतक्या माणसांसमोर हे बोलताना त्यांचे कान तापले, पण आज खरं बोलायला त्यांनी सुरुवात केली होती आणि आता त्यांना थांबता येत नव्हतं.

कुशाबाकाका त्यांच्याकडे बघून म्हणाले, "राखण घराची असते रे, माणसाची नसते. तुझ्या घरचं माणूस बांधावर उभं होतं. जनावर कळपात राहील."

हे ऐकून मुरारीरावांना आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण बायकोने छत्रीने एका तासात जे केलं ते आपल्याला वही घेऊन दिवसभरात जमलं नाही, ही गोष्ट त्यांना सलत होती, आणि ती गावातल्या प्रत्येकाला ठाऊक झाली होती. ते देवळाच्या पायरीवर जाऊन बसले. अनुपमा तिथेच बसली होती, साडी गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली.  ती आता काय बोलणार हे त्यांना माहीत होतं. एकच काम स्वतःच्या हाताने पुरं करा असं ती म्हणाली होती, आणि ते काम तिलाच करावं लागलं होतं.

लोक पांगायला लागले. जाता जाता कुशाबाकाकांनी बोटांवर मोजलं. "पुढची तुमची राखण शुक्रवारी पडतेय," ते म्हणाले.

"शुक्रवारी नको," अनुपमा म्हणाली. "सहामाहीचा शेवटचा पेपर आहे त्या दिवशी. शनिवार घ्या."

"गुरांचा दिस हलत नाय, सूनबाई. मुरारी हाय की."

अनुपमाने मुरारीरावांकडे पाहिलं. आधी बुटाकडे, मग वहीच्या पिशवीकडे, मग तोंडाकडे. 

"नाही," ती म्हणाली, "त्यांना एकट्याला नका पाठवू. मी येते. शाळेला कळवते."

आठ महिने मुरारीराव "परत चला" हे शब्द यायची वाट बघत घाबरत होते. रोज त्याच पायरीवर उभं राहून त्यांनी ते लांबवले होते. ते आज यायलाच हवे होते, आणि त्यांच्या जागी भलतेच शब्द आले. उत्तरादाखल काहीतरी भारदस्त बोलावं असं त्यांना वाटलं, निदान पुढच्या वेळी मी झोपणार नाही एवढं तरी.  पण त्यांनी मान खाली घातली आणि बुटाला बांधलेल्या कासऱ्याची गाठ सोडायला घेतली, कारण डोळे पुसायला तिथे दुसरा आडोसा नव्हता.